शंभरातले अठरा

१

चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात कुसुमताई आगाशे यांनी नवऱ्याचं एकही विधान बिनविरोध मंजूर होऊ दिलं नव्हतं. दिगंबरराव वेधशाळेत हवामानाचा अंदाज वर्तवण्याच्या कामावर होते. ते सकाळी “आज कोरडं राहील” म्हणाले की कुसुमताई मुद्दाम छत्री घेऊन शाळेत शिकवायला जात, आणि संध्याकाळी ती ओली असो वा कोरडी, त्यांच्या नाकासमोर झटकत. निवृत्तीनंतर तर रानच मोकळं झालं. आमटीतलं मीठ, पंख्याचा वेग, गॅलरीतली तुळस डावीकडे की उजवीकडे, विषय कोणताही चाले. वारज्याच्या सोसायटीत शेजारच्यांना त्यांचा आवाज आला नाही तर ते चौकशीला येत.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला डॉक्टर सौमित्र यांनी दिगंबररावांना त्यांचा आकडा सांगितला. फुप्फुसाचा आजार जुना होता. पस्तीस वर्षांच्या ड्यूट्या आणि प्रत्येक ड्यूटीला एक पाकीट, त्यामुळे दोष द्यायला दुसरं कुणी नव्हतं. नळीत फुंकल्यावर फुप्फुसाचा जोर किती भरतो, दम किती लागतो, उंचीच्या मानाने वजन किती आणि सहा मिनिटांत माणूस किती चालतो, या चार गोष्टींची बेरीज करून शून्य ते दहा असा एक आकडा काढतात. दिगंबररावांचा सात आला होता.

“सात म्हणजे?”

“काका, हे एका माणसाचं भविष्य नसतं,” डॉक्टर म्हणाले. “सात किंवा जास्त आकडा असलेले शंभर पेशंट घेतले, तर चार वर्षांनी त्यातले साधारण अठरा असतात.”

“आणि बाकीचे ब्याऐंशी गावाला जातात.”

डॉक्टर हसले नाहीत, आणि शेजारी बसलेल्या कुसुमताईही हसल्या नाहीत. परतीच्या रिक्षात दिगंबररावांनी सवयीने काडी टाकली. “कर्वे रस्त्याने नको, आतून घेऊ,” ते म्हणाले. आतला रस्ता उलट लांबचा होता, आणि हे त्या दोघांना, रिक्षावाल्याला आणि अख्ख्या पुण्याला ठाऊक होतं.

“बरं,” कुसुमताई म्हणाल्या.

शंभरातले अठरा हे ऐकताना त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं. शक्यतेचे आकडे ही त्यांची रोजची भाजी-भाकरी होती. पण ते “बरं” ऐकलं आणि दिगंबरराव आगाशे पहिल्यांदा घाबरले.

२

म्हात्रे पुलाजवळच्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर श्वासाच्या पेशंटांसाठी व्यायामाचं केंद्र होतं. तिथे ओठांचा चंबू करून, बशीतल्या चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडायला शिकवत. हाताचे, पायाचे व्यायाम घेत, आणि दर दुसऱ्या मंगळवारी सकाळी अकराला सहा मिनिटं चालण्याची परीक्षा असे.

परीक्षा अगदी साधी होती. तीस मीटरचा सरळ पॅसेज, दोन्ही टोकांना एकेक नारिंगी शंकू, आणि दर तीन मीटरवर जमिनीला चिकटवलेली निळी पट्टी. पलीकडच्या टोकाला दहावी पट्टी आणि तिच्यामागे कायमचं बंद केलेलं एक दार. अलीकडे बाक, टेबल, आणि टेबलाशी स्वराली. ही पोरगी हुशार होती आणि नियमाला पक्की होती. हातात घड्याळ, समोर कागद. माणसाची एक खेप झाली की कागदावर एक रेघ ओढायची आणि दर मिनिटाला ठरलेलं वाक्य ठरलेल्या आवाजात म्हणायचं. “छान चाललंय, पाच मिनिटं उरली.” “असंच चालू ठेवा, चार मिनिटं उरली.” एक शब्द कमी नाही की जास्त नाही. कारण कुणाला जास्त प्रेमाने म्हटलं तर तो जास्त चालतो आणि आकडा बिघडतो. पेशंटच्या सोबत चालायलाही मनाई होती, कारण माणूस सोबत्याच्या पावलाने चालायला लागतो. दम लागला तर भिंतीला टेकून उभं राहायचं, बरं वाटलं की पुन्हा चालायचं. बसायचं मात्र नाही. माणूस बसला की परीक्षा तिथेच संपते.

दिगंबररावांना हे सगळं मनापासून आवडलं. वेधशाळेतही नोंद ठरल्या वेळी, ठरल्या शब्दांत करायची असे.

चौदा ऑक्टोबरला बाकावर त्यांच्या आधी एक बाई बसल्या होत्या. द्वारकाबाई, लोणी काळभोरच्या. साठीच्या आसपास वय, हातात हिरव्या बांगड्या, पायात हिरव्या प्लास्टिकच्या चपला. आयुष्यात त्यांनी बिडी कधी हातात धरली नव्हती, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसून त्यांनी दिगंबररावांपेक्षा जास्त धूर गिळला होता. दिगंबरराव धापा टाकत जिना चढून आलेले पाहून त्या लगबगीने उठल्या.

“बसा भाऊ. म्या हुबी ऱ्हाते.”

“तुम्हालाही माझ्यासारखाच दम लागलाय की.”

“लागू द्या. दुसरं मानूस हुबं असलं की मला बसवत न्हाई. एसटीत सून वरडती माझ्या नावानं.”

दिगंबरराव बसले नाहीत, द्वारकाबाईही बसल्या नाहीत, आणि रिकाम्या बाकाच्या दोन बाजूंना दोन दमेकरी ताटकळत उभे राहिले. शेवटी स्वरालीने दोघांनाही दटावून खाली बसवलं. गप्पांत कळलं की द्वारकाबाईंचा आकडा चार होता. चार वर्षांनी शंभरच्या शंभर नाही तरी भरपूर उरतात असा. दिगंबररावांनी त्यांचं मनापासून अभिनंदन केलं.

मग द्वारकाबाई चालायला लागल्या. पाचव्या खेपेला त्या पलीकडच्या शंकूपाशी थांबल्या. स्वराली घड्याळ बघत होती. दिगंबररावांनी मात्र स्पष्ट पाहिलं. द्वारकाबाईंनी पदर सावरला, गुडघे वाकवले आणि त्या बसल्या. जमिनीवर नाही, खुर्चीवर माणूस बसतो तेवढ्या उंचीवर. क्षण दोन क्षण बसून त्या उठल्या आणि परत चालू लागल्या.

“बरं झालं तिकडं खुर्ची ठिवली,” परत आल्यावर त्या म्हणाल्या. “तुमची बाई बसा म्हनली, म्हनून टेकले वाईच.”

“मावशी, तिकडे खुर्ची नाहीये,” स्वराली म्हणाली. “आणि मी बसा कशाला म्हणेन?”

तिने आणि दिगंबररावांनी एकदमच पॅसेजकडे पाहिलं. शंकू होता, पट्टी होती, बंद दार होतं. भिंतीला टेकल्या असतील, असं ठरवून स्वरालीने कागदावर “विश्रांती एक” लिहिलं.

३

पुढच्या परीक्षेला द्वारकाबाई आल्या नाहीत. त्यांच्या सुनेचा, रुपालीचा, केंद्रात फोन आला होता. दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी जेवून बाजेवर पडल्या, त्या उठल्याच नाहीत. दम लागला नाही, खोकला नाही, काही नाही.

“चारचा आकडा होता त्यांचा,” दिगंबरराव म्हणाले.

“हो ना काका,” स्वराली म्हणाली. ती रडलेली दिसत होती. “तयार आहात?”

ते चालायला लागले. पहिल्या खेपेला काही नव्हतं, दुसरीलाही नाही. चौथ्या मिनिटाला छाती भरून आली, त्यांनी ओठांचा चंबू केला, मान वर केली, आणि दहाव्या पट्टीवर खुर्ची होती.

लोखंडी, घडीची. मांडववाले लग्नात आणि शोकसभेत एकाच टेम्पोतून आणतात तसली. पाठीवर पांढऱ्या रंगात कंत्राटदाराचं नाव होतं, ते पुसून अर्धं राहिलं होतं. तिचं तोंड दिगंबररावांकडे होतं.

“छान चाललंय,” आवाज आला. स्वरालीचाच, तोच ठरलेला सूर. पण स्वराली तीस मीटर मागे होती आणि आवाज पुढून आला होता. “छान चाललंय. आता बसा.”

दिगंबररावांच्या अंगावर काटा आला. पण त्यांना भुताखेतांचं काही सुचलं नाही, सुचलं ते वेगळंच. हे वाक्य यादीत नाही, असा विचार त्यांच्या मनात आला आणि पस्तीस वर्षं नोंदी तपासलेला माणूस आतून चिडला. त्यांनी खुर्चीला वळसा घातला, शंकूला वळसा घातला आणि माघारी फिरले. मागे किर्र असा आवाज झाला. घडीच्या खुर्चीवर वजन पडलं की होतो तसा.

दोनशे सेहेचाळीस मीटर भरले. अडीचशे असते तर आकडा सातावरून सहावर आला असता, असं स्वराली हळहळत म्हणाली.

४

आता, दिगंबरराव काही भोळे नव्हते. घरी जाऊन त्यांनी जुनी रोजनिशी काढली आणि तारीख, वेळ, बोटाला लावायच्या यंत्रावरचा ऑक्सिजन, खुर्ची दिसली ती पट्टी, असे रकाने आखले. रक्तात ऑक्सिजन घटला की मेंदू काहीबाही दाखवतो. त्यातून द्वारकाबाईंचं बोलणं डोक्यात बसलेलं, दिवाळीच्या फटाक्यांचा धूर छातीत भरलेला. एक नोंद म्हणजे काहीच नसतं. निदान तीन नोंदी हव्यात, हे त्यांनी किती नवख्या पोरांना शिकवलं होतं.

अकरा नोव्हेंबरला दुसरी नोंद मिळाली. ऑक्सिजन त्र्याण्णव, म्हणजे त्यांच्या मानाने उत्तम. खुर्ची सातव्या पट्टीवर होती.

दहाव्यावरून सातव्यावर. ती वाटेच्या मधोमध होती, त्यामुळे जाता-येता तिच्या अगदी बाजूने जावं लागत होतं. बसायची जागा झिजून चकचकीत झाली होती. प्रत्येक खेपेला, ते ओलांडून गेले की, मागे किर्र होई. ते वळून बघत तेव्हा ती रिकामी असे. “असंच चालू ठेवा,” अलीकडून खरी स्वराली म्हणे, आणि त्याच आवाजात पट्टीवरून उत्तर येई, “आता बसा.” शेवटच्या मिनिटाला त्यांचे गुडघे आपोआप वाकायला लागले. त्या क्षणी बसणं ही जगातली सगळ्यात साधी, सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटत होती. त्यांनी भिंत धरली आणि उभे राहिले.

दोनशे एकतीस मीटर.

“स्वराली, खरं सांग, तुला पॅसेजमध्ये काही दिसतं?”

“तुम्ही दिसता, काका.” ती कागदावर आकडा लिहीत म्हणाली. “तुम्ही सातव्या पट्टीशी दर वेळी वळसा घालून का जाता?”

म्हणजे वळसा तरी खरा होता. दिगंबररावांनी तेही रकान्यात लिहिलं.

५

पंचवीस नोव्हेंबरला खुर्ची चौथ्या पट्टीवर होती. आणि तिच्याखाली, दाराबाहेर काढून ठेवाव्यात तशा नीट जोडून, हिरव्या प्लास्टिकच्या चपला होत्या. दोनशे बारा मीटर.

तीन नोंदी झाल्या. त्या संध्याकाळी दिगंबररावांनी रोजनिशीत तीन ठिपके मांडले आणि पट्टीने रेघ ओढली. त्यासाठी वेधशाळेत काम केलेलं असण्याची गरज नव्हती, चौथीतल्या पोरालाही जमलं असतं. दहा, सात, चार. असाच कल राहिला तर नऊ डिसेंबरला पहिल्या पट्टीवर. म्हणजे निघाल्या निघाल्या, तीनच मीटरवर. त्यानंतरच्या परीक्षेला चालायला जागाच नाही.

डॉक्टरांचा अंदाज चार वर्षांचा होता आणि शंभर माणसांचा होता. हा अंदाज एकाच माणसाचा होता.

कुसुमताई भाजी निवडत बसल्या होत्या. दिगंबररावांनी त्यांना सगळं सांगितलं. खुर्ची, आवाज, चपला, ठिपके, सगळं. बोलताना ते बायकोच्या चेहऱ्याकडे आशेने बघत होते. आता ती म्हणेल, डोकं फिरलंय तुमचं. म्हणेल, चष्म्याचा नंबर बदला. म्हणेल, आयुष्यभर अंदाज चुकले तेवढे कमी झाले का, म्हणून आता खुर्च्यांचे वर्तवताय.

“असेल हो,” कुसुमताई म्हणाल्या. “तुम्हाला दिसतंय म्हणजे असेल.”

दिगंबररावांच्या हातून पेन्सिल पडली. पॅसेजमध्ये वाटलं नव्हतं इतकं भय त्यांना स्वतःच्या स्वयंपाकघरात, ढळढळीत दिव्याच्या उजेडात वाटलं. ही बाई त्यांना आधीच निरोप देऊन बसली होती.

“कुसुम, माझ्याशी भांड.”

“काहीतरीच काय.”

“दोन महिने झाले. मी परवा म्हणालो पोह्यात बटाटा घालत नाहीत, तू चक्क मान डोलावलीस. तुझ्या माहेरी पिढ्यानपिढ्या बटाटा घालतात.”

कुसुमताईंनी मेथीची जुडी खाली ठेवली. त्यांचे डोळे भरले होते. “तुम्हाला बोलताना धाप लागते,” त्या म्हणाल्या. “मी एक बोलले की तुम्ही चार बोलणार. डॉक्टर म्हणाले होते ना, श्वास जपून वापरा. मी म्हटलं, माझ्यावर कशाला खर्च करायला लावू.”

इतकी माया त्यांच्या वाट्याला आली होती आणि ती त्यांना जिवंत गाडत होती. त्यांना रडू आलं, आणि रडण्यालाही श्वास लागतो म्हणून त्यांनी ते आवरलं.

“तुझ्यावर नाही खर्चायचा तर कुणावर?” ते म्हणाले. “आणि हे बघ, मी त्या खुर्चीवर बसणार नाही. त्र्याण्णव साली मी लिहिलं होतं, येत्या चोवीस तासांत मुसळधार. आठवतं? आठवडाभर ऊन पडलं. रेघ कितीही सरळ असली तरी ती मी ओढलीय.”

६

नऊ डिसेंबरला कुसुमताई बरोबर आल्या आणि बाकावर बसल्या. त्यांच्या शेजारी एक नवीन पेशंट होते, रावसाहेब नावाचे, फुरसुंगीचे. छातीवर हात ठेवून ते आपल्या पाळीची वाट बघत होते.

खुर्ची पहिल्या पट्टीवर होती. निघायच्या रेषेवर उभं राहूनच दिसत होती, दम लागायची वाट न बघता. आणि आज चपला जमिनीवर जोडून ठेवलेल्या नव्हत्या. त्या पायांत होत्या.

दिगंबररावांनी नजर तेवढ्यावरच ठेवली. सावळे, भेगाळलेले पाय. नऊवारीचा काठ. गुडघ्यांवर टेकलेले दोन हात आणि त्यातल्या हिरव्या बांगड्या. त्याच्या वर बघायचं नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं. काही नोंदी न केलेल्याच बऱ्या.

“सुरू करा, काका,” स्वराली म्हणाली.

पहिली खेप ते खुर्चीला वळसा घालून गेले. बांगड्या किणकिणल्या. दुसऱ्या खेपेला परत येताना त्यांना श्वास ऐकू आला, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडलेला, केंद्रात शिकवतात तसा. फक्त तो संपत नव्हता. माणसाच्या छातीत मावतो त्याच्या कितीतरी पलीकडे तो सुटतच राहिला होता. दिगंबररावांचे पाय जड झाले. त्यांनी रेषेवरच्या शंकूला वळसा घातला आणि तिसऱ्या खेपेसाठी पुन्हा खुर्चीच्या समोर आले, तेव्हा घशातून शिटी वाजायला लागली होती. इतक्या लवकर ती कधीच वाजली नव्हती. ते थांबले. भिंत दोन हातांवर होती, पण खुर्ची त्याहून जवळ होती.

“असंच चालू ठेवा,” मागून स्वराली म्हणाली. “चार मिनिटं उरली.”

पट्टीवरून स्वरालीचा आवाज आला नाही. किर्र झालं. हिरव्या चपला जमिनीवर सरकल्या, नऊवारीचा काठ खाली घोट्यापर्यंत आला आणि रिकामी झालेली बसायची जागा समोर चकचकली.

“बसा भाऊ,” तो आवाज म्हणाला. “म्या हुबी ऱ्हाते.”

दिगंबररावांना एकदम सगळं समजल्यासारखं झालं आणि काहीच समजलं नाही. या बाईला कुणी उभं दिसलं की बसवत नाही. एसटीत नाही, बाकावर नाही, इथेही नाही. तिला कुणीतरी फसवून बसवलं होतं, आणि आता ती स्वतःच्या चांगुलपणाने जागा देत होती. भीती होतीच, ती कुठे गेली नव्हती. पण तिच्या बरोबरीने असा काही संताप उसळला की छातीतली शिटीही त्याच्यापुढे लहान वाटली.

“मी बसत नाही,” ते दबक्या आवाजात म्हणाले. “आणि तुम्हीही आता बसायचं नाही, द्वारकाबाई. उठलाच आहात तर चला.”

जाता जाता त्यांनी खुर्चीच्या पाठीला हात घातला. लोखंड होतं, गार होतं, आणि कोणत्याही मांडवातल्या खुर्चीसारखंच होतं. त्यांनी मागचा पाय चपलेने दाबला आणि पाठ पुढे ढकलली. खाड्कन आवाज करत खुर्ची मिटली.

“अगं बाई, काय पडलं?” टेबलाशी स्वराली दचकून म्हणाली.

दिगंबरराव चालत राहिले. त्यांच्या मागे, अर्ध्या पावलाच्या अंतराने, प्लास्टिकच्या चपला फटक फटक वाजत येत होत्या. ते वळून बघत नव्हते. पलीकडच्या शंकूशी वळताना डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी हिरवं हललं, तेवढंच. सोबत्याच्या पावलाने माणूस चालायला लागतो, म्हणून तर परीक्षेत सोबतीला मनाई. दिगंबररावांनी आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला आणि त्या पावलांना पाऊल दिलं. फुंकर घालत श्वास सोडायचा, दोन पावलं. घ्यायचा, एक पाऊल. मागचा श्वासही आता लहान झाला होता, माणसाएवढा.

“छान चाललंय. एकच मिनिट उरलं.”

यावर कुणीही काही म्हणालं नाही.

७

“दोनशे पंचावन्न,” स्वराली म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “काका, अडीचशेच्या वर गेलात. सहाचा आकडा झाला. शंभरातले पन्नासच्या वर धरा आता.” मग ती कागदाकडे बघत बसली. “पण हे मी काय करून ठेवलंय? तिसऱ्या खेपेपासून मी दोन दोन रेघा ओढल्यात.”

“राहू दे तशाच,” दिगंबरराव म्हणाले.

त्यांना उभं राहवत नव्हतं. ते बाकावर येऊन कुसुमताईंना खेटून बसले. कुसुमताईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि त्यांचा हात घट्ट धरून ठेवला. पॅसेजमध्ये मिटलेली खुर्ची नव्हती. पहिली पट्टी मोकळी होती, दुसरी, तिसरी, सगळ्या मोकळ्या. सहाचा आकडा आला म्हणून आनंद व्हायला हवा होता. पण चारचा आकडा असलेल्या बाईंच्या चपला त्यांनी नुकत्याच ऐकल्या होत्या, त्यामुळे आकडा त्यांनी ऐकला आणि सोडून दिला.

“रावसाहेब काका, या आता तुम्ही,” स्वराली म्हणाली.

रावसाहेब कष्टाने उठले, रेषेवर गेले आणि पॅसेजच्या पार टोकाकडे बघून त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं.

“ते एक चांगलं केलंय बघा तुमी,” ते म्हणाले. “तिकडं खुर्ची हाय ते. दम लागला तर टेकता येतंय.”

स्वरालीच्या हातातलं पेन थांबलं. तिने पॅसेजकडे पाहिलं नाही. तिने दिगंबररावांकडे पाहिलं.

दिगंबरराव उठले. घशातली शिटी अजून थांबली नव्हती. ते रावसाहेबांच्या शेजारी जाऊन रेषेवर उभे राहिले.

“ती बसायची खुर्ची नाही,” ते म्हणाले. “मी येतो बरोबर. मग सांगतो.”

“काका, सोबत चालायचं नसतं,” स्वराली म्हणाली. “आकडा चुकतो.”

“चुकू दे. माझ्या आकड्यांना सवय आहे.”

“अहो!” बाकावरून आवाज आला, आणि तो असा खणखणीत होता की रावसाहेबही वळले. कुसुमताई उभ्या राहिल्या होत्या. “आत्ता तुमची धाप थांबली नाही आणि कुठे निघालात? स्वतःला धड उभं राहता येत नाही, दुसऱ्याला काय सोबत करताय? आणि मफलर कुठाय? सकाळी सांगितलं होतं मफलर घ्या, तर म्हणे आज थंडी नाही. हवामान खात्याची थंडी नाही ती, माझी आहे!”

“आज खरंच थंडी नाही,” दिगंबरराव म्हणाले.

“आहे!”

“नाही.”

“घरी चला, मग सांगते तुम्हाला आहे की नाही!”

त्यांच्या छातीत कुठेतरी, अजून शाबूत असलेल्या कोपऱ्यात, इतकी हवा शिरली की डोळ्यांना पाणी आलं. घरी गेल्यावर संध्याकाळपर्यंत पुरेल एवढं भांडण समोर उभं होतं. स्वरालीने घड्याळाचं बटण दाबलं. त्यांनी रावसाहेबांच्या कोपराला हात लावला आणि दोघे निघाले, एका पावलाने. दहाव्या पट्टीपाशी त्यांनी शंकूला वळसा घातला, आणि त्याच्याही आधी आणखी एका गोष्टीला, आणि रावसाहेबांना थांबू दिलं नाही.

दोन खेपा करून रेषेवर परत आले तेव्हा त्यांची नजर टेबलावरच्या कागदावर गेली. पहिल्या खेपेपुढे स्वरालीने तीन रेघा ओढल्या होत्या. दुसऱ्या खेपेपुढेही तीन. आता ती पेन धरून स्वतःच्याच हाताकडे बघत होती.

“काका,” ती हळूच म्हणाली, “हे बरोबर आहे?”

“बरोबर आहे,” दिगंबरराव म्हणाले आणि न थांबता शंकूला वळसा घालून निघाले. “मोजत राहा.”